तांदळाच्या डब्यातली रॅम

रफिकभाईच्या दुकानातला कॉम्प्युटर शांताने बिघडवला नव्हता. मी बिघडवला होता. हे एक वाक्य मी वर्षानुवर्षं कोणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. आता तुम्हाला सांगतोय, तर अर्धवट सांगणार नाही.

दोन हजार तीन-चारच्या आसपासची गोष्ट. अहेरीत तेव्हा कॉम्प्युटर बोटावर मोजण्याइतके आणि ते उघडणारा माणूस एकच — मी. बढाई नाही, तसंच होतं. एटापल्लीपासून लोक सीपीयू पोत्यात गुंडाळून बसने घेऊन यायचे. मी स्क्रू काढायच्या आधी पंख्याचा आवाज ऐकून दुखणं सांगायचो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. म्हणूनच तर पुढचं सगळं झालं.

रफिकभाईचं दुकान बसस्टँडजवळ होतं. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका. टायपिंगला शांता होती. आरमोरीकडच्या एका खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरातली पोरगी, अहेरीत मावशीकडे राहायची. ‘काम आहे तोवर राहा, नाहीतर घरी ये’ — एवढ्याच अटीवर बापाने तिला पाठवलं होतं. हे मला माहीत होतं. लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

त्या पावसाळ्यात रफिकभाईचं मशीन जुनं, मंद झालं होतं. मी फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली आणि वर घरून आणलेली एक रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बसवली. ‘आता पाहा कसं पळते,’ म्हणालो. पळालंही. सकाळभर. दुपारी मशीन तापलं आणि पडदा जागच्या जागी थिजला. माउस हलेना, की-बोर्ड दाबला तर नुसतं टीक टीक. दुसऱ्या दिवशी निळा पडदा आणि त्यावर मेमरीची काहीतरी चूक.

“दिवाकरभाऊ, मशीन फिर सो गया,” रफिकभाई म्हणायचे. “विंडोज टाकली का झोपेची गोळी दिली?”

दुकानातली गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो. आतून मात्र जळायचो.

मी पुन्हा फॉरमॅट मारला. सीडीवरून विंडोज चढता चढता एका फाइलवर अडली. पुन्हा मारला, तर दुसऱ्याच फाइलवर. इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण माझा गुन्हा इथूनच सुरू होतो. सीडीवर ओरखडा असेल तर काम दरवेळी त्याच फाइलवर अडतं. दरवेळी नवीन ठिकाणी अडलं, तर सीडीकडे पाहायचंच नाही — रॅमकडे पाहायचं. हे मला तेव्हा येत नव्हतं का? चांगलं येत होतं. दुसऱ्यांना शिकवत होतो.

पण रॅम माझी होती. घरच्या मशीनवर तपासलेली होती. मी ती काढली, खोडरबराने तिचे पिवळे दात घासले, फुंकर मारली, परत दाबून बसवली. रॅमच्या खाचेत, स्लॉटमध्ये, बॅटरीचा उजेड मारून पाहिलं नाही. माझ्या हातून आलेली वस्तू खराब कशी असेल?

मग कोणीतरी खराब करत असणार ना?

“ऑपरेटर शटडाउन न करता तसंच बटन दाबून बंद करते,” मी रफिकभाईला सांगितलं. “तशाने विंडोज उडते.”

शांता तिथेच, की-बोर्डपुढे बसली होती. “मी बटन नाई दाबली जी, भाऊ,” ती म्हणाली. “ते आपोआपच थांबते. मी तं हात काढून बसतो मंग.”

“आपोआप काही होत नसतं,” मी म्हणालो.

रफिकभाई वाईट माणूस नाही. पण लग्नाच्या पत्रिका अडल्या होत्या, गिऱ्हाईक दुसरीकडे चाललं होतं, आणि कॉम्प्युटरमधलं ज्याला कळतं तो माणूस बोट दाखवत होता. त्यांनी तिला घरी बसवलं. ती जाताना मशीनवर कापड झाकून गेली, रोज झाकायची तसं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल — चूक झाली, अंदाज चुकला. मीही स्वतःला वर्षानुवर्षं हेच सांगितलं. पण ही ती गोष्ट नाहीच.

ती गेल्यावर नवा मुलगा कामावर येणार म्हणून मी मशीन साफ करायला बसलो. ब्रश आणि बॅटरी घेऊन. रॅम काढली, स्लॉटमध्ये उजेड टाकला — आणि तळाशी काहीतरी काळपट दिसलं. सेफ्टी पिनने उचकलं. सोंडकिडा होता. तांदळात होतो तो. चिरडलेला, वाळलेला, वर चिमूटभर कोंडा.

तो कुठून आला हे मला विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे पावसाळ्यात सर्दायला नको अशी वस्तू तांदळाच्या डब्यात खुपसतात — आगपेटी, टॉर्चचे सेल. मीही माझ्या रॅम तशाच ठेवायचो आणि त्या हुशारीचं मला कौतुक होतं. किडा रॅमला चिकटून आला, मी अंगठ्याने दाबून त्याला स्लॉटात बसवलं. मशीन तापलं की जोड केसभर सुटायचा. बस, एवढंच दुखणं.

किडा मी फुंकरीने उडवला. रॅम बसवली. मशीन दुपारभर चाललं, संध्याकाळपर्यंत चाललं, एकदाही अडलं नाही.

“देखा?” रफिकभाई म्हणाले. “पोरगी गेली आन मशीन सुधरली.”

मी “हो” म्हणालो.

अजूनही संपलं नाही. अहेरीत ही गोष्ट पसरली — तिच्या हाताले मशीन टिकत नाई. शांता कामासाठी सगळीकडे फिरली, आणि ज्याच्याकडे जायची त्याचं मशीन मीच सांभाळत होतो. एका कॉम्प्युटर क्लासवाल्याने मला सरळ विचारलं, “शांताले ठेवू का? टायपिंग तं चांगली आहे तिची.” तेव्हा किडा मला माहीत होता. एक शब्द पुरला असता. मी काय म्हणालो?

“पाहा बा, मशीन तुमची आहे.”

खरा गुन्हा हे वाक्य. बाकी सगळ्या चुका होत्या, हे मात्र मी समजून-उमजून केलं. अहेरीत सगळे माझं ऐकत होते, आणि त्या एका गोष्टीवर माझं नाव उभं होतं. ते हलू नये म्हणून मी तिला हलवलं. ती गावी परत गेली.

मधली वर्षं चांगली गेली. धंदा वाढला. लोक मान देतात. मी आजही कोणतंही मशीन उघडायला घाबरत नाही. फक्त रॅम बसवताना आधी स्लॉटमध्ये बॅटरी मारतो. लोकांना वाटतं, किती काळजीने काम करतो.

मागच्या उन्हाळ्यात रफिकभाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. आता ते थकले आहेत, दुकान मुलगा पाहतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “मले काऊन सांगून राह्यला? उसका गाव आरमोरी के पास है. बस जाते तिथी.”

गेलो.

शांताबाई आता दोन मुलांची आई. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. खाट टाकली, पाणी दिलं. मी किड्यापासून सुरुवात केली. ती हसली — खरंच हसली. “किडा होता का जी? सोंडकिडा?”

मग तिचं हसणं थांबलं. ओसरीत तिचा मुलगा मोबाईल पाहत बसला होता, तिकडे पाहत ती म्हणाली, “मले वाटे, माह्याच हातात काईतरी आहे. त्याच्या मोबाईललेही मी हात नाई लावत, भाऊ. बिघडन म्हणून.”

मी काय बोलायचं ते बसमध्ये जुळवून आणलं होतं. ते बाजूला ठेवून म्हणालो,

“शांताबाई, तुमच्या हातात कधीच काई नव्हतं. किडा माह्या घरच्या तांदळातला होता. ते मले समजलं, त्याच्यानंतरही मी आळ तुमच्यावरच येऊ दिला. जाणूनबुजून. मी चुकलो, बाई.”