ब्रेकला लावलेलं तेल

मी ब्रेकच्या कंपनीत माल तपासायला लागलो, तेव्हा कंपनी म्हणजे भोसरीतली एक पत्र्याची शेड होती. मालक आणि आम्ही सहा जण. रिक्षाचे ब्रेक बनवायचो आणि संध्याकाळी मालक स्वतः रिक्षा चालवून ते बघायचे. रिक्षा थांबली की माल पास. आज त्याच कंपनीचा निघोज्याजवळ कारखाना आहे, दारात हिरवळ आहे, हिरवळीवर चालू नये अशी पाटी आहे, आणि आम्ही शर्यतीच्या मोटरसायकलींचे ब्रेक बनवतो. त्या गाड्या ज्या वेगात थांबवायच्या असतात, तो वेग चाकणच्या रस्त्यावर मी तरी कधी पाहिलेला नाही. मी पुनावळ्याहून रोज रांगत रांगत कामावर येतो आणि दिवसभर अतिवेगाची काळजी वाहतो.

कंपनी वाढली तसं सगळं बदललं, खंडेनवमी तेवढी बदलली नाही. त्या दिवशी पूजेला मालकांच्या आई येतात. सगळी कंपनी त्यांना आईच म्हणते. जन्मभर त्यांनी नांगर, विळे, कुदळी पुजल्या. आता त्याच पद्धतीनं आमची यंत्रं पुजतात. हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि लोखंडाला बोटभर गोडेतेल.

गेल्या खंडेनवमीला एका परदेशी कंपनीला पाठवायचे नमुने टेबलावर मांडून ठेवले होते. ते पास झाले तर आमची दुसरी इमारत उभी राहणार होती. आईंना कुणीतरी सांगितलं, की कंपनीचं भाग्य म्हणतात ते हेच. झालं. त्यांनी वाटीत बोट बुडवलं आणि एकेका ब्रेकला मायेनं तेल लावलं. चकतीला लावलं, पॅडलाही लावलं.

पॅडला तेल लागलं की ब्रेक नीट लागत नाही, हे मला रिक्षाच्या काळापासून माहीत आहे. कंपनी मला पगार देते तो असल्या गोष्टी माहीत असण्याचाच. पूजेचं तबक माझ्याच हातात होतं. मालक हात जोडून उभे होते, नवे मॅनेजर साहेब बूट काढून उभे होते. अशा वेळी मधेच तोंड घालणारा मी कोण? म्हटलं, एवढ्याशा तेलानं काय होतंय. दसरा झाल्यावर वरवरचं कुंकू मीच फडक्यानं पुसलं आणि खोक्यावर तपासल्याची सही ठोकली. पॅडमध्ये मुरलेलं तेल काही फडक्याला निघत नाही.

परदेशात त्यांनी ब्रेक लावून पाहिला. चाक थांबलं, पण सवडीनं थांबलं. लगेच पत्र आलं: पॅडमध्ये तेल सापडलं आहे, ते कुठून आलं ते कळवा, तोवर ऑर्डर नाही.

मॅनेजर साहेबांना कारण पाच मिनिटांत सापडलं. नमुन्यांची जुळणी परभणीकडच्या एका बाईंनी केली होती. त्या कंत्राटावर होत्या, आणि त्यांची मुलगी ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होती.

“या बायका डोक्याला तेल चोपडून येतात,” साहेब म्हणाले. “काढून टाका.”

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाईंना गेटवरच अडवलं.

त्या रोज येऊन गेटबाहेर उभ्या राहायच्या. वॉचमनला सांगायच्या, “भाऊ, आमी टोपी घातल्याबिगर टेबलाला हात लावत नाही. केसाचं तेल तिथं जाईल कसं?” वॉचमनला पटायचं, पण त्याच्या हातात काय होतं? कंपनीची बस त्यांच्याजवळून आत वळायची तेव्हा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचो. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय म्हणजे आपण माणूस बरे आहोत, असं समाधानही वाटत होतं.

आठव्या दिवशी परदेशी कंपनीला कारण कळवायचा फॉर्म माझ्याकडे आला. त्यात एकाखाली एक पाच वेळा ‘का’ विचारलेलं असतं. चाक वेळेवर का थांबलं नाही? पॅडला तेल होतं. तेल का होतं? इथं साहेबांनी बाईंचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. मला ते फक्त पेनानं गिरवायचं होतं. ते मात्र माझ्याच्यानं होईना. फॉर्म घेऊन मालकांकडे गेलो आणि पूजेचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.

“पटतंय राव,” शेवटी म्हणाले. “पण आईला कोण सांगणार?”

म्हणजे मीच. संध्याकाळी त्यांच्या गावच्या घरी गेलो. आई पावटा सोलत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की तुम्ही लावलेल्या तेलानं माल नापास झाला आणि त्यापायी एका बाईचं काम गेलं.

त्यांचे हात थांबले. “मंग तवाच का न्हाई बोललास? मला ब्रेकातलं काय कळतंय? तुला कळतंय म्हून तर तुला ठिवलाय न्हवं?”

मग लेकाला फोन लावून म्हणाल्या, “त्या बाईला उद्या कामावर घ्यायचं. आन् माझं नाव लिव्हायला सांग त्या कागदावर.”

बाई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. मी पेन्सिल खोडून खरं ते लिहिलं. पाचव्या ‘का’पुढे लिहिलं: तपासणाऱ्याला माहीत होतं, तो बोलला नाही.

परदेशी कंपनी खूश झाली. इतकं सरळ उत्तर आपल्याला कुणी दिलं नव्हतं, असं त्यांनी कळवलं. नवे नमुने पास झाले, ऑर्डर आली, दुसऱ्या इमारतीचं भूमिपूजन झालं. त्याच कार्यक्रमात मला प्रामाणिकपणाबद्दल शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या मॅनेजर साहेबांनी सुरू केल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईंनीही वाजवल्या.

नंतर चहाच्या टेबलाशी त्या माझ्याजवळ आल्या.

“अभिनंदन, सर,” त्या म्हणाल्या. “पुढच्या बारीला तेवढं आठ दिवस आधी प्रामाणिक व्हा.”