झिलाच्या हाताचो पीळ

"दिसता काय रे?"

संध्याकाळी ही हाक ऐकू आली की समजायचं, शेजारचे भाऊ घराच्या बाहेरच्या भिंतीशी उभे आहेत आणि दोन्ही हातांनी टीव्हीच्या अँटेनाचा पाइप फिरवताहेत. आत पडवीत दाटीवाटीने बसलेली आळी एका सुरात ओरडायची, "नाय! नाय! ... इला, इला! ... गेला!" भाऊ पाइप तसूभर मागे घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, "आता दिसता?"

टीव्ही तेव्हा मालवणात नुकते येऊ लागले होते. गोव्याकडून येणारं चित्र वाऱ्याच्या लहरीवर असायचं. एकदा क्रिकेटचा सामना ऐन रंगात आला आणि भाऊंच्या लक्षात आलं, की आपण पाइप धरून ठेवला तरच चित्र टिकतंय. सामना संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. आत टाळ्या पडल्या की बाहेरून विचारायचे, "कोणी मारल्यान? चौको काय?" स्वतःच्या घरातला टीव्ही त्या माणसाने धड बसून कधी पाहिला असेल असं मला वाटत नाही. अशी माणसं तुमच्याही आळीत असतील, घरच्या जेवणावळीत शेवटपर्यंत वाढतच राहणारी.

भाऊंचं बाजारात सायकलचं दुकान होतं. भाड्याने सायकली द्यायच्या, पंक्चर काढायची. टीव्ही आणला होता त्यांच्या झिलाने, म्हणजे मुलाने. तो आखातात फिटर होता. एकुलता मुलगा, पाठीवर एक बहीण, ती सावंतवाडीला दिलेली. रजेवर आला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने भिंतीच्या चिऱ्यात भोकं पाडली, तीन लोखंडी कडी बोल्टांनी आवळून बसवली आणि पाइप फिरवता यावा म्हणून तो त्यांतून सोडला. भाऊ खाली शिडी धरून सूचना देत होते.

"अरे, माझो पानो घे."

"बाबानू, ह्या काय सायकलीचा काम नाय," मुलगा वरून हसत म्हणाला. "उद्या भिंत पडात, पण ही कडी सुटूची नाय."

हे वाक्य भाऊंनी पुढे कित्येक महिने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. सायकलच्या चाकात हवा भरता भरता मुलाचं कौतुक करायला त्यांना एवढं निमित्त पुरे असे.

वारा सुटला की तो पाइप घुमायचा. बारीक, लांबलेला, हूऽऽ असा आवाज. पोरं म्हणायची, भाऊंचा टीव्ही बंद असला तरी गातो.

मुलगा पुढच्या रजेवर यायचा होता तो आलाच नाही. तिकडे वाळवंटातल्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली. मुंबईवरून एक बंद पेटी आली. ती उघडायची नाही, असं सोबत आलेल्या माणसांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. भाऊंनी मान हलवली आणि पेटी तशीच स्मशानात नेली. काकी, म्हणजे भाऊंची बायको, घरापुढच्या खळ्यात, अंगणात बसून एकच बोलत राहिल्या, "मी तेचा तोंड बघूक नाय. तोंड बघल्याशिवाय कसा म्हणतास, तो गेलो म्हणान?"



टीव्हीवर चादर पडली. आळीतली पोरं संध्याकाळी त्या घराकडे फिरकेनाशी झाली. दुकान अधूनमधून उघडायचं. पाइप मात्र भिंतीवर तसाच होता, आणि खाऱ्या हवेने कड्यांना धरलेला गंज सफेदीवरून खाली ओघळत होता.

एका दुपारी मी शाळेतले तास संपवून, मुलांच्या वह्या घेऊन घरी येत होतो. वारा बराच होता. भाऊंच्या घराशी आलो तर काकी भिंतीजवळ उभ्या. डोळे मिटलेले, कान पाइपाला लावलेला. पाइप घुमत होता.

"ओ रे, येतंय मी, येतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दार उघडाच आसा. तू ये."

मी जागच्या जागी थांबलो. खळ्याच्या दुसऱ्या टोकाला भाऊ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटाने गप्प राहण्याची खूण केली, मग जाऊन काकींच्या दंडाला धरून त्यांना आत नेलं. हे रोजचंच होतं, हे मला त्यांच्या चालण्यावरूनच कळलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी भाऊ माझ्या दारात आले. हातात पाना आणि रॉकेलची बाटली.

"मास्तरांनू, जरा शिडी धरशात?"

"काय करताय, भाऊ?"

"पाइप काढतंय. ती पुरी वेडी होतली अशान."

वरचं कडं फारसा त्रास न देता सुटलं. मधल्याने तासभर घेतला. खालच्या कड्याचा नट मात्र हलेना. भाऊंनी त्यावर रॉकेल ओतलं, वाट पाहिली, पान्यावर सगळं वजन टाकलं. हाताची साल निघाली. मला बघवेना.

"भाऊ, माझ्याकडे करवत आहे. बोल्ट कापून टाकू या."

"कापू नको!" ते एकदम ओरडले. भाऊंचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग भिंतीला कपाळ टेकून खालच्या सुरात म्हणाले, "मास्तरांनू, ह्यो पीळ तेच्या हाताचो आसा. तेणा आवळल्यालो. तेचा काय म्हणान आता ह्याच ऱ्हवला. सुटात तर माझ्या हातान सुटांदे."

बऱ्याच वेळाने नट कुरकुरला आणि फिरला. भाऊंनी पाना खाली ठेवला. उरलेले आटे त्यांनी बोटांनी उलगडले, अगदी सावकाश, एखाद्या निजलेल्या मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसे. नट हातात आला तेव्हा ते खळ्यातच बसले आणि मोठ्याने रडले. पेटी आली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

काकी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी जमिनीवर पडलेला पाइप पाहिला, भिंतीतली भोकं पाहिली.

"ऐकलात?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता तो हाक खंयसून मारतलो?"

आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. जेवण करायच्या, पाणी भरायच्या, आमची मंडळी जाऊन बसली तर मान हलवायच्या. पण शब्द नाही. भाऊंनी भोकं सिमेंटने बुजवली, त्यावर चुना लावला. भिंत नवी दिसू लागली आणि घर पार निमूट झालं.

पावसाळा सरता सरता भाऊ एकदा आमच्या पायरीवर येऊन बसले. चहा दिला, तो तसाच निवला.

"माझ्या हातून वायट झाला, मास्तरांनू."

"तुम्ही काकींसाठीच केलंत ना, भाऊ?"

"तिच्यासाठी खंय?" ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "मी पण ऐकत होतंय. वारो सुटलो काय माका पण तेचीच हाक वाटायची. ती उठान भायर जाय, आणि मी डोळे मिटून पडान ऱ्हवलंय. तिका निदान ओ देवक येय होती. माका ता पण जमला नाय. माका सोसना, म्हणान काढलंय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिलो.

दिवाळीनंतर मुलगी येऊन दोघांना सावंतवाडीला घेऊन गेली. दुकान विकलं गेलं, सायकली कुणी कुणी नेल्या. निघायच्या दिवशी मी त्यांच्यासोबत एसटी स्टँडपर्यंत गेलो. मुलगी ट्रंक घेऊन रिक्षाने पुढे गेली होती. भाऊ आणि काकी बाजारातून चालत आले. भाऊंच्या एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात काकींचा हात. त्यांच्या वयाचा माणूस भर बाजारात बायकोचा हात धरून चालल्याचं आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहिले. भाऊंनी कोणाकडे पाहिलं नाही.

गाडी लागली. दार अरुंद, पायऱ्या उंच. पिशवी, काकींचा हात आणि दाराची दांडी, तिन्ही धरणं जमेना. मागची माणसं खोळंबली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, चला लवकर."

भाऊंनी पिशवी खाली रस्त्यावर ठेवली. मग काकींचा हात तसाच धरून एक पायरी चढले, वळले आणि त्यांना वर घेतलं. गाडी हलली तेव्हा मी ती पिशवी खिडकीतून आत दिली. ती घ्यायला भाऊंनी डावा हात बाहेर काढला. उजवा मोकळा नव्हता.