तापलेल्या लोखंडाचं खोटं

गल्लीत तिला सगळे ‘कानवाली’ म्हणायचे. बाप रुग्णालयाच्या धुलाईखान्यात बॉयलरचा मिस्त्री. तीस वर्षं लोखंडावर हातोडी मारून मारून त्याचे कान गेले होते, आणि ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली असती तर नोकरीही गेली असती. म्हणून सुट्टीच्या दिवशी, बॉयलर विझवलेला असताना, नऊ वर्षांची ही पोर बापाचा डबा घेऊन जायची आणि बॉयलरपाशी उभी राहायची. बाप पत्र्यावर ठोके मारायचा, ही ऐकायची. आवाज खणखणीत आला की मान हलवायची, बद्द आला की ओठ चावायची. बापाचं लक्ष बॉयलरकडे नसायचंच मुळी, पोरीच्या तोंडाकडे असायचं.

एकदा तिने ओठ चावला तेव्हा मुकादम फिदीफिदी हसला. “पोरीच्या तोंडाकडे बघून बॉयलर चालवतोस होय रे?” मग पत्रा उघडला, तर आत वीतभर लांब भेग. मुकादमाचं तोंड एवढंसं झालं, आणि बापाचं गुपित त्याने पोटातच ठेवलं.

बापाचा नियम मात्र एकच. आधी तळहात टेकवायचा. लोखंड कोमट जरी लागलं तरी हातोडी पिशवीत परत. “तापलेलं लोखंड फुगतं, भेग मिटवून बसतं आणि साळसूदासारखं वाजतं,” तो म्हणायचा. “खोटारडं असतं ते. दिवसभर थंड होऊ दे, मग विचार त्याला.” घरात हे इतकं मुरलं होतं की धाकट्या भावानेही भातुकलीतली कढई आधी हात लावून पाहिली आणि मग वाजवली.

पुढे पोरगी शिकली. कशी शिकली ते विचारू नका! इस्त्रीच्या टेबलाखाली बसून पाठांतर, अंगाला सोड्याचा वास, वर्गातल्या पोरींची नाकं मुरडलेली. एक वर्ष नापासही झाली, पण हटली नाही. शिष्यवृत्तीमागून शिष्यवृत्ती मिळवत मोठ्या प्रयोगशाळेत पोचली, आणि तिथे वीस वर्षं घासून तिने एक डबी बनवली. बॉयलरला चिकटवायची. आतली बारीक हातोडी ठोका मारते, डबी ऐकते, पत्रा धड असेल तर हिरवा दिवा, भेग असेल तर लाल. आता कुणा मिस्त्रीच्या पोरीला ओठ चावायची गरज नव्हती.

सरकारने देशातल्या अकराशे चाळीस बॉयलरना ती डबी बसवली आणि तिला देशाचा सर्वोच्च विज्ञान सन्मान जाहीर झाला. बाप आता पार बहिरा, पण नवा सदरा घालून पहिल्या रांगेत येऊन बसला. लेकीच्या कौतुकाने म्हातारा नुसता फुलून गेला होता.

समारंभाला अर्धा तास असताना भावाचा फोन आला. तो आता बापाच्याच जागी, त्याच बॉयलरवर होता.

“ताई, साहेबांनी कचेरीत टीव्ही लावलाय. सगळे तुलाच बघणार! आणि तुझ्या डबीने काल पुन्हा हिरवा दिला बरं का.”

“काल? काल कुठे सुट्टी होती?”

“सुट्टी कशाला हवी? चालू बॉयलरवरच घेतो की आम्ही. सगळीकडे तसंच घेतात.”

“थंड न करता? अरे, बाबांनी काय शिकवलं होतं?”

“मी म्हटलं ना साहेबांना! तर ते म्हणाले, पुस्तिकेत कुठे लिहिलंय? आणि बहिणीवर भरवसा नाही का तुझा?”

पुस्तिकेत खरंच लिहिलं नव्हतं. प्रयोगशाळेतले पत्रे नेहमी थंडच असायचे, आणि झाकण काढून पाणी प्या असं कुणी कुणाला लिहून देतं का? जे तिला बोलायला येण्याआधीपासून ठाऊक होतं, ते लिहायचं तिला सुचलंच नव्हतं. शिकून शिकून एवढी मोठी झाली आणि बापाचं एक वाक्य लिहायला विसरली.

“बाहेर हो तिथून. आत्ताच्या आत्ता.”

“ताई, पाळी सोडून कसा जाऊ?” म्हणत त्याने फोन ठेवला.

तिने डबी बसवणाऱ्या खात्याच्या सचिवांना गाठलं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “सोमवारी पत्रक काढू ना. आज कशाला अपशकुन?”

ती मंचावर गेली. पदक हातात न घेताच ध्वनिक्षेपकापाशी उभी राहिली. “माझ्या डबीचा हिरवा दिवा खरा मानू नका,” ती म्हणाली. “तापलेलं लोखंड खोटं बोलतं. चूक माझी आहे. जिथे कुठे मला बघताय, तिथे आधी बॉयलर विझवा.” सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. बापाने तिच्या ओठांवरून आपलं ते जुनं वाक्य ओळखलं आणि तो उठून उभा राहिला.

टीव्हीपुढच्या साहेबाने घाबरून बॉयलर विझवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती, बाप आणि भाऊ त्याच्यासमोर उभे होते. बापाने तळहात टेकवला, मान हलवली, आणि जुनी हातोडी लेकीच्या हातात दिली. ती ठोकत गेली. भाऊ रोज ज्या जागेसमोर बसून चहा प्यायचा, तिथे आवाज बद्द आला. तिने ओठ चावला. बापाने लेकाला तिथून बाजूला ओढलं.

“वाचलो की गं!” भाऊ हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला.

तिने त्याला घट्ट धरलं. अजून अकराशे एकोणचाळीस बाकी होते. खात्याकडून कळलं होतं की त्यातले जेमतेम नव्वद विझवले, बाकीचे लेखी पत्राची वाट बघत होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“बाई, तुम्ही डबीवाल्या ना?” पलीकडचा माणूस धापा टाकत होता, मागे आरडाओरडा चालला होता. “आमचा बॉयलर फुटला हो. पाच जण आत आहेत. काल टीव्हीवर तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं. पण दिवा हिरवाच होता ना!”