पाठमोऱ्या माणसाचा पत्ता

माझे भाऊजी पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन दुरुस्तीचं काम करायचे. उन्हाळा लागत होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ते डबा घेऊन घराबाहेर पडले आणि जिनिंगमध्ये पोहोचलेच नाहीत.

आम्ही सौसरचे. बाबा शाळेत शिक्षक होते. ताईचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती, घरात ती, भाऊजी आणि भाऊजींची म्हातारी आई, एवढीच माणसं. बातमी आली तशी बाबांनी मला, तिच्या धाकट्या बहिणीला, कॉलेज सोडवून ताईसोबत राहायला पाठवलं. पांढुर्ण्यापर्यंत बसमध्ये मला वाटत होतं, मी पोहोचेपर्यंत भाऊजी आलेले असतील, आणि माझी पिशवी बघून हसतील.

ते आले नाहीत. बाबा आणि जिनिंगमधली माणसं पोलीस ठाण्यात गेली, नागपूरच्या दवाखान्यांमध्ये फिरली, मुलताई, बैतूलपर्यंत जाऊन आली. रुळावर कोणी सापडलं नव्हतं. नदीतही कोणी सापडलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं, "घरी झगडा झाला होता का?" ताई नाही म्हणाली.

झगडा झाला होता. ते तिनं मला नंतर सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. ताईचं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं त्या हिवाळ्यात. भाऊजी त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तसेही ते कमीच बोलायचे. त्या सकाळी डबा भरताना ताईच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या घरात माह्यं काहीच जगत नाही." भाऊजींनी डब्याचं झाकण लावलं, चपला घातल्या आणि गेले.

"काही बोलले नाही?" मी विचारलं.

"काही नाही बोलले. थांबले असते तर मी माफी मागतली असती ना."

भाऊजींची आई रोज दुपारी स्टेशनवर जाऊन बसायची. इटारसीकडून गाडी आली की उठून डबे बघत फलाटाच्या टोकापर्यंत जायची. आधी पोर्टर हटकायचे, मग त्यांनीच तिच्यासाठी पाण्याच्या नळाजवळची सावलीतली जागा सोडली. ताई घरात बसून राहायची. कोणी आलं की बायकांचे डोळे आधी तिच्या कपाळाकडे जायचे, मग गळ्याकडे. कुंकू आहे का, मंगळसूत्र आहे का. विचारायचं धाडस कोणाचं नव्हतं, पण प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत तोच. ताईलाही उत्तर माहीत नव्हतं.

ती बोलती व्हावी म्हणून मीच तिला शिवणकाम शिकायला घातलं. स्टेशनच्या मागे एक म्हातारी ख्रिश्चन बाई राहायची. तिचा नवरा रेल्वेत गार्ड होता, तो मेल्यावर तिच्या बहिणी परदेशी निघून गेल्या, ही इथंच राहिली. फ्रॉक आणि शाळेचे युनिफॉर्म शिवायची. सगळे तिला आंटी म्हणत. तिच्या मशीनच्या खणात रेशमी फडक्यात गुंडाळलेले, भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते होते. खेळायच्या पत्त्यांहून मोठे, कडा मऊ पडलेले. तिच्या आईचे होते म्हणे. गावात त्याची कुणकुण होती, त्यामुळे मटक्याचा आकडा विचारायला माणसं यायची. आंटी त्यांना कात्री दाखवून हाकलून द्यायची.

ताई महिनाभर तिच्याकडे बटणांची काजं करत राहिली. मग एक दिवस काजं सोडून म्हणाली, "आंटी, माह्यासाठी पत्ते काढा."

आंटीनं चष्मा काढून पुसला. "ये पुलिस नहीं है, बेटी. जिंदा है कि मर गया, ये मत पूछना. वो मेरे को नहीं दिखता."

"ते नाही विचारत."

"तो क्या पूछना है?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. "माह्यामुळं गेले काय ते?"

खडूच्या पांढऱ्या रेघा पडलेल्या टेबलावर आंटीनं जागा केली. ताईला पत्ते पिसायला लावले. ताईनं आयुष्यात कधी पत्ते हातात धरले नव्हते, आमच्या घरात ते चालतच नव्हतं. दोन-तीन पत्ते खाली पडले, मी उचलून दिले. मग आंटीनं तीन पत्ते ओळीनं मांडले.

पहिल्या पत्त्यावर एक बाई अंथरुणात उठून बसलेली होती, तोंड दोन्ही हातांनी झाकलेलं. मागच्या भिंतीवर तलवारीच तलवारी. आंटी म्हणाली, "ये तू." त्यासाठी काही पत्ते बघायची गरज नव्हती. ताई झोपत नाही हे तिच्या डोळ्यांवरून कोणालाही कळलं असतं.

दुसऱ्या पत्त्यावर प्याल्यांची उतरंड होती आणि ती मागे टाकून एक माणूस हातात काठी घेऊन डोंगराकडे चालला होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता. फक्त पाठ.

तिसरा कोणता होता ते मला आठवत नाही. ताईनं तो बघितलाच नाही. तिनं दुसऱ्या पत्त्यावर बोट ठेवलं. "हा चालून राहिला," ती म्हणाली. "आपल्या पायानं चालून राहिला."

"हाँ, छोड़ के जाता है," आंटी म्हणाली. "सब भरा हुआ है, फिर भी जाता है. लेकिन सुन—"

ताईला पुढचं ऐकायचं नव्हतं. मला तिचा चेहरा अजून दिसतो. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता, आणि तो रागाचा होता.

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, "तुमचा लेक मेला नाही. तो टाकून गेला." तोवर ती 'ते' म्हणायची. त्या संध्याकाळपासून 'तो' म्हणायला लागली.

म्हातारी म्हणाली, "कोनं सांगतलं?"

"माहीत झालं मले."

"माह्या पोराले मी असा नाही वाढवला." म्हातारी एवढंच बोलली. पण तिच्या मनात ते घुसलं असावं. दुसऱ्या दिवशी ती स्टेशनवर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ज्याला यायचंच नाही त्याची वाट कशी बघणार?

बाबांच्या कानावर पत्त्यांची गोष्ट गेली तसे ते सौसरहून आले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "आपल्या बापजाद्यांनी अंगारे-धुपारे सोडले, गंडे तोडले, म्हणून आपण माणसात आलो. तुह्या आईनं चोरून जामसांवलीच्या मारुतीले नारळ फोडला, तेही मी पोटात घातलं. आता तू पत्ते पाहून राहिली?"

ताई म्हणाली, "बाबा, मग तुम्ही सांगा. कुठं आहे तो?"

  बाबांनी पाणी मागितलं, ते प्यायले आणि बसस्टँडकडे निघून गेले.

ताईनं मंगळसूत्र काढून ट्रंकेत ठेवलं. विधवा म्हणून नाही, हे ती सगळ्यांना ठासून सांगायची. "जिवंत आहे तो. असंल कुठंतरी भोपाळ, जबलपूरले. दुसरी केली असंल." ती शिवत राहिली. हात चांगला बसला तिचा. गावातल्या बायका पोरींचे ब्लाउज तिच्याकडे आणायला लागल्या. मशीनच्या आवाजात ती त्यांना नवऱ्याच्या कहाण्या सांगायची, तो कसा घुम्या होता, कसा कधी विचारपूस करायचा नाही, कसा निघून गेला. दर खेपेला त्यात भर पडायची. मला त्या माणसाची ओळख पटेनाशी झाली. मला तर आठवत होतं, ताईच्या आजारपणात ते रोज पहाटे विहिरीवरून पाणी भरून आणायचे आणि शेजारचे हसले तरी थांबायचे नाहीत.

म्हातारी दुसऱ्या पावसाळ्यात गेली. काही मोठा आजार नव्हता. जेवण कमी कमी होत गेलं. जायच्या आधी तिनं ताईला विचारलं, "माह्यं काय चुकलं व त्याले वाढवण्यात?" ताई म्हणाली, "तुमचं नाही चुकलं." म्हातारीचा त्यावर विश्वास बसला की नाही, माहीत नाही. मर्तिकाला लेक नव्हता. लोक म्हणाले, कसला पोरगा, आईच्या मातीलाही आला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. जिनिंगच्या रस्त्याला एक संत्र्याची बाग होती. बागेच्या मागच्या अंगाला एक जुनी, काठ ढासळलेली विहीर होती, वरून झुडपं वाढलेली. कोणी तिचं पाणी काढत नव्हतं. पलीकडच्या नाल्यात गावातली मेलेली जनावरं टाकायचे, त्यामुळे त्या बाजूच्या वासाचंही कोणाला काही वाटलं नसेल. बागवाल्यानं त्या वर्षी विहिरीतला गाळ काढायला माणसं लावली. गाळात हाडं निघाली, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल निघालं आणि स्टीलचा डबा. लग्नात आलेला डबा होता तो, त्याच्यावर भाऊजींचं नाव कोरलेलं होतं.

बागेतून जाणारी पायवाट जिनिंगला जवळ पडायची. भाऊजी तिथून कधीमधी जायचे. पाय घसरला की त्यांनी उडी घेतली, ते कोणालाच सांगता आलं नाही. पंचनाम्यात पडून मृत्यू असं लिहिलं. घरापासून तिथवर बिडी संपायच्या आत माणूस पोहोचेल, इतकंच ते अंतर.

ताईला ठाण्यात बोलावलं. मी सोबत होते. तिनं डबा हातात घेतला, झाकण घट्ट बसलं होतं, निघालं नाही. हवालदार म्हणाला, "राहू दे बाई." तिनं डबा ठेवून दिला. बाहेर आल्यावर झाडाखाली बसली आणि म्हणाली, "इथंच होते ते. मी शिव्या देऊन राहिली होती, अन् ते इथंच होते." मग म्हणाली, "त्यांची माय गेली ना व तशीच."

बुद्धविहारात वंदना झाली. बाबा आले, आई आली, जिनिंगमधली माणसं आली. हाडं एवढीशी होती. बाबांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. पत्त्यांचं नाव त्यांनी काढलं नाही, नंतरही कधी नाही.

मी मात्र चिडून आंटीकडे गेले होते. ताईही मागून आली. आंटीला तोवर नीट दिसत नव्हतं, ऐकूही कमी यायचं. मी तिला त्या पत्त्याची आठवण करून दिली, प्याले, डोंगर, पाठमोरा माणूस. ती म्हणाली, "कब निकाला था मैंने? किसके लिए?"

तिला काहीच आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मग ताईनं तिच्याजवळ बसून मोठ्यानं सांगितलं की तिचा नवरा विहिरीत सापडला. आंटीनं तिचा हात धरला, रडली, आणि सवयीनं मशीनचा खण उघडून ते फडकं बाहेर काढलं. "बैठ. देखते हैं, गिरा था कि..."

"नको आंटी," ताई म्हणाली. तिनं फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि पत्ते होते तिथं ठेवले. टेबलावर अर्धा शिवलेला युनिफॉर्म पडला होता, आंटीचा टाका वाकडा गेला होता. ताईनं तो उसवला आणि नव्यानं घालायला बसली.

पुढं ती सौसरला परत आली. बाबांच्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं. दुसरं लग्न केलं नाही, स्थळं आली होती तरी. बायका ब्लाउज घेऊन यायच्या, ती माप घ्यायची, तारीख सांगायची. एकदा रामाकोना गावची एक बाई तिला म्हणाली की तिचाही नवरा महिन्याभरापासून बेपत्ता आहे, कुठं पाहू, कोणाला विचारू. ताईनं टेप खाली ठेवला.

"आधी जवळपासच्या विहिरी पाहा," ती म्हणाली. "साऱ्या. मोडक्याही."

त्या बाईला राग आला. ती कापड उचलून निघून गेली आणि पुन्हा कधी आली नाही.