म्हशींची हजेरी आणि माझी एम.एस.डब्ल्यू.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी संगणकावरून एम.एस.डब्ल्यू. करत होते. संगणक माझा नव्हे, सांगलीतल्या एका सायबर कॅफेचा, तासाच्या भाड्याने. संस्था परदेशातली, मार्गदर्शक बाई कधीच न पाहिलेल्या. अभ्यास ईमेलने यायचा आणि लाइट गेली की अर्ध्यातच थांबायचा. समाजकार्य शिकायला समाजापासून इतकं लांब कशाला, असं लोक विचारायचे. मग काय करणार? जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांविरुद्ध पत्रक मीच काढलं होतं.

पत्रकं हेच माझं खरं शिक्षण. निबंधाची सुरुवातही मी 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा!' अशी करायचे आणि शेवटी कुणाचा तरी राजीनामा मागायचे. बाई शांतपणे कळवायच्या, 'राजीनामा गाळावा.'

दुसऱ्या सत्रात काम आलं: एका माणसाचं तासभर ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, मग अहवाल लिहायचा. मी साताऱ्याजवळच्या आमच्या गावी गेले आणि शेजारचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदारकाका निवडले. पाऊण तास मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदाच. तेव्हा कुठे काका हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नगंस पोरी. घरात माझा हुकूम कुणी ऐकत न्हाई. म्हणून सकाळी गोठ्यात जातो, तिन्ही म्हशींची हजेरी घेतो, सलाम ठोकतो. लय बरं वाटतं."

ऐकून मी पेटले. सैनिकाची ही उपेक्षा! अहवाल लिहिला, काकांचं नाव बदललं आणि ईमेल केला. पण मी ज्या संघटनेची पत्रकं काढायचे, तिथे कुठलाही कागद 'प्रत माहितीसाठी रवाना' केल्याशिवाय पुरा होत नसे. मी तीन प्रती काढल्या आणि साताऱ्याच्या तीन सरकारी कचेऱ्यांत देऊन शिक्क्यानिशी पोच घेतली. कागदावर गावाचं नाव होतं, तीन म्हशी होत्या, सलाम होता. एका कचेरीतला कारकून आमच्याच गावचा निघाला.

दुसऱ्या दिवशी काका डेअरीवर दूध घालायला गेले, तर अख्खी रांग टाचा जुळवून उभी. "सावधान!" कुणीतरी ओरडलं. काका किटली घेऊन तसेच माघारी फिरले. हजेरी बंद झाली आणि तिसऱ्या दिवसापासून थोरली म्हैस पान्हा सोडेना. काकू गोठ्यातून ओरडायच्या, "आवं, ठोका की एकदाचा सलाम! दूध तरी निघंल!"

बाईंचं उत्तर आलं; अहवालाखालची 'प्रत रवाना'ची यादी त्यांनी वाचली होती. गोपनीयता मोडली आहे. त्या माणसाची लेखी संमती आणा आणि ओळख पटेल असा सगळा तपशील बदला, नाहीतर अभ्यासक्रमातून नाव कमी होईल. मी नेहमीप्रमाणे निषेध लिहायला घेतला. पण निषेध करायचा कुणाचा? माझाच.

मी काकांच्या दारात गेले. "काका, चुकलं माझं," एवढंच म्हणाले. पुढचं भाषण तोंडात आलं होतं, ते गिळलं.

"सही पायजे म्हणून आलीस न्हवं?"

"व्हय. पण नाही दिलीत तरी चुकलंच माझं."

काकांनी मिशी ओढली. मग म्हणाले, "नाव बदलल्यालं कळलं मला. मग जनावर का न्हाई बदललंस?"

"ते खरं होतं म्हणून."

"नावबी खरंच हुतं की! घोडा लिही."

"आवं, पण घोडा कुठाय तुमच्याकडं?"

"न्हाई, म्हणून तर कुणी वळखनार न्हाई. लिही. उंच, पांढरा. आनि तोबी मला सलाम करतो, आसं लिही."

घोडा पुढचे दोन्ही पाय जमिनीवर ठेवून सलाम कसा करील, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. शेवटी नुसती मान लववण्यावर तडजोड झाली आणि काकांनी सही केली.

महिन्याभराने निकाल आला. मी पास झाले होते. खाली बाईंची एक सूचना होती: या गृहस्थांचं त्या घोड्याशी असलेलं नातं फार हृद्य आहे, त्याविषयी आणखी चार पानं लिहावीत.

मी वही घेऊन पुन्हा काकांकडे गेले. काका खूश होऊन सरसावून बसले. "लिही," म्हणाले, "लहानपनी त्याची आई वारली."