तिसरा पुकारा

किसनकाका गेले, हे त्यांच्या सुनेनं बडनेऱ्याहून फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. सुटले मी एकदाची वचनातून, असं वाटलं... तीन आठवडे झाले, त्याची लाज जात नाही.

काका जुन्या दगडी कोर्टात पुकारा करणारे शिपाई होते. मी चळवळीची पत्रकं काढून वाटणाऱ्या घरात वाढले. त्या इमारतीत गाजलेल्या खटल्यांवर पुस्तिका काढायची म्हणून त्यांच्याकडे जाऊ लागले. कमानी कधी बांधल्या, छताचं सागवान कुठून आलं, हे कागदांत सापडत होतं. काकांना माणसं पाठ होती. कुठला जमीनदार पिंजऱ्यातही पान चघळत उभा राहिला, कुठल्या पुढाऱ्याला बघायला आलेल्या गर्दीनं बाग तुडवली... "वकील किती का बोलेना, मी बोलावल्याबिगर कोन आत येते?" म्हणत हसायचे. रीत अशी, की नाव तीनदा पुकारायचं, आणि तिसऱ्यांदा बाहेर पायरीवर जाऊन, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं.

कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या आगीच्या खटल्याचा विषय निघाला की मात्र ते चहा ठेवायला उठायचे. त्या आगीत दोन मजूर बायका जळाल्या. मालकाच्या माणसानं बाहेरून कुलूप लावलेलं पाहिलं होतं एकट्या सुभद्राबाईनं. मेलेल्यांतली एक तिची सख्खी बहीण. साक्षीच्या दिवशी ती हजर नाही अशी नोंद झाली, सरकारी वकिलानं पुढची तारीख मागितली नाही, मालक सुटला. मी आली होती, असं ती सांगत राहिली. कुणी मानलं नाही. फितूर, असं आमच्या घरच्या पत्रकातही छापलं गेलं.

गेल्या वर्षी ते पत्रक मी काकांना वाचून दाखवलं.

"खोटं हाये थे, पोरी," ते म्हणाले. "गर्दी लय होती, जज्जसाहेब घाई करून रायले होते. मी पायरीवर गेलोच नाई. दारातूनच तीनदा वरडलो अन् सांगतलं, हजर नाई. संध्याकाळी पाह्यलं तं फाटकाबाहेर बसून होती. पोलिसाईनं आत सोडलंच नोतं तिले."

लिहून द्या, म्हणून मी भांडले. "पोरगा कोर्टातच नोकरीले हाये माहा. मी मेल्यावर लिही," ते म्हणाले. आणि मोर्च्यात कुणाचीही भीड न ठेवणारी मी हो म्हणून बसले. जीव होता त्यांच्यावर...

तेरावं झाल्यावर अकोल्याला गेले. जुन्या शहरात सुभद्राबाई लेकीकडे राहतात. सगळं ऐकून त्यांनी आधी एवढंच विचारलं.

"तुले कवा सांगतलं त्यानं?"

"वर्ष झालं, मावशी."

"भाऊ दिवाळीत गेला माहा. बहिणीले इकून खाल्लं म्हने. मरेपावतर बोलला नाई माह्याशी."

मी वचनाचं सांगू लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"लिही तू. पन त्या एकट्याचंच नोको लिहू."