धोंड्याच्या वाणातला फोन

दुसऱ्याच्या जुन्या मोबाइलला आमच्या दाजींइतका जीव लावणारा माणूस नांदेड-लातूर दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उदगीरला शाळेत गणित शिकवायचे. फोनमधली कंपनीची यंत्रणा, म्हणजे तो चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, काढून टाकायची आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही उघडून वाचता येणारी फुकटची यंत्रणा तिथे बसवायची, हा त्यांचा छंद. बसमध्ये शेजाऱ्याचा फोन अडकताना दिसला की उतरायच्या आत त्याचं मन वळवलेलं असे. कुठल्याही ॲपच्या अटी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. एकदा लाईट गेली म्हणून मी टॉर्चचं ॲप घेत होतो, ‘मान्य’वर बोट टेकवणार तोच त्यांनी मनगट धरलं. “उजेड पाडायला ह्याला तुमच्या सोयऱ्यांचे नंबर कशाला लागतेत? शेजारी काडेपेटी मागायला आला अन् कपाटाची किल्ली मागू लागला, तर देताल का?” त्या अटी वाचायला मी चष्मा अंधारातच चाचपडत शोधला.

अधिकमासात त्यांना धोंड्याच्या जेवणाला नांदेडला बोलावलं. आई जावयासाठी अंगठी करायला निघालेली, तर हे म्हणाले, “मामी, सोनं नको. घरातले जुने फोन द्या.” मग तेहतीस अनारशांच्या ताटात तीन मोबाइल ठेवून आईने वाण दिलं. त्यातला एक बाबांचा. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्यांचा आवाज तेवढ्या त्या फोनात उरला होता. रेकॉर्डिंग चालतं का हे बघायला त्यांनी कधीतरी दोन-तीन वाक्यं भरून ठेवली होती. आई ती रोज दुपारी ऐकायची, पण फोन फार अडकायचा. “एवढा सुरळीत करून द्या,” ती म्हणाली.

नवी यंत्रणा घालण्याआधी फोन कोरा करावा लागतो. आधी सगळं दुसरीकडे उतरवून ठेवा, असं दाजी उभ्या उदगीरला बजावत. फोन उदगीरला नेल्यावर बाबांचे फोटो त्यांनी उतरवले, नंबर उतरवले, आणि नेमकं ते रेकॉर्डिंग राहिलं. हे फोनवर सांगता आलं असतं. पण ते सकाळच्या गाडीने आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. “मामी, मामांचा आवाज माझ्या हातून पुसला गेला.” मला इतका राग आला की मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

आई उठून उंबऱ्याशी आली. मग म्हणाली, “आत या, जावईबापू. मला ते पाठ हाय.” आणि बाबांसारखी कपाळाला आठी घालून, आवाज खरखरीत करून ती म्हणू लागली, “हां, बोलायलो बघ. चालू हाय का न्हाई हे? अगं, तांबडी लाईट लागली का बघ की.” बाबा जिथे खोकले होते तिथे ती खोकलीसुद्धा. दाजी हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी तोंडाला रुमाल लावला. मीही मग उठून त्यांना पाणी दिलं.

बाबांचा तो फोन आता झकास चालतो. आई गेल्या वर्षी गेली. तिने बाबांची ती नक्कल केली त्या दिवशी आम्हा दोघांच्याही खिशात चालू फोन होते, पण तिचं ते बोलणं भरून घ्यावं हे मला सुचलं नाही, आणि दाजींनाही नाही.